पद्मिनीचा पट्टा

सकाळी गाडी चालू केली की पहिली आठ-दहा सेकंदं ती किंचाळते. वरच्या मजल्यावरच्या काकू गॅलरीत येतात, खाली बघतात आणि काही न बोलता आत जातात.

गाडी अप्पांची. प्रीमिअर पद्मिनी, १९७८चं मॉडेल, १९८६ साली त्यांनी सेकंडहँड घेतलेली. अप्पा गेल्यावर भाऊ म्हणाला, विकून टाक. मी म्हटलं, बघू. त्या 'बघू'ला आता सहा वर्षं झाली.

किंचाळतो तो फॅन बेल्ट. सकाळीच का, तर स्टार्टरनं बॅटरीतून नुकताच मोठा घास घेतलेला असतो आणि तो भरून काढायला आल्टरनेटर लगेच जोर लावतो. त्या वेळी तो फिरवायला सगळ्यात जड. ढिला पट्टा त्याला ओढू शकत नाही. पुली मागे पडते आणि पट्टा तिच्यावरून घासत जातो. रात्रीचं दव असेल तर आणखीच. थोड्या वेळानं बॅटरीची भूक भागते, पट्टा तापून कोरडा होतो, आवाज थांबतो. आणि आपण म्हणतो, गेला वाटतं आवाज. संध्याकाळी हेडलाइट लावले की तो परत येतो.

*

पुण्यातली नाना पेठ. दुकानाच्या छतापासून पट्टे लोंबत होते, सासरहून आलेल्या फुलांच्या माळांसारखे. काउंटरवरच्या शेठनी विचारलं, "गाडी कुठली?"

"पद्मिनी."

मान वर न करता त्यांनी हात मागे नेला आणि एक पाकीट पुढे ठेवलं. "हेच लागतं. मिस्त्री कुठाय? त्याला पाठवायचं ना, ताई."

मिस्त्री नव्हता म्हणूनच मी आले होते. तो गावी गेला होता.

घरी आणला. मिस्त्री आला रविवारी. आल्टरनेटर इंजिनाकडे पार टेकवला तरी पट्टा पुलीवर चढेना, बोटभर कमी पडत होता. मी म्हटलं, स्क्रू-ड्रायव्हर घालून चढव. तो म्हणाला, "चढेल, पण आतले दोरे तुटतील." तेव्हा पहिल्यांदा कळलं की रबराच्या आत दोरे असतात. खरा ओढा तेच सहन करतात, रबर नुसतं त्यांना धरून ठेवतं. उचकटून चढवलेला पट्टा बाहेरून नवाकोरा दिसतो आणि महिन्याभरात भर रस्त्यात तुटतो.

*

अप्पांची वही काढली. शंभर पानी, पुठ्ठ्याची, वर 'गाडी' एवढंच लिहिलेलं. अप्पा बँकेतले. पेट्रोल किती घातलं ते दोन दशांश स्थळांपर्यंत. हवा कधी भरली. 'उजवा मागचा टायर रिमोल्ड'. प्लगचा गॅप. आणि पट्ट्याबद्दल इतकंच:

'फॅन बेल्ट बदलला. ४५ रु.'

नंबर नाही, माप नाही. पंचेचाळीस रुपयांचा हिशोब लागला आहे, पट्ट्याचा नाही.

चार पानं मागे १९९१ सालची नोंद: 'डायनामो काढून आल्टरनेटर बसवला. ट्रॅफिकमध्ये लाइट आता मंद होत नाही.' डायनामो हळू फिरताना जवळजवळ काहीच करंट देत नसे. सिग्नलला गाडी उभी राहिली की दिवे पिवळे पडायचे, हे मलाही आठवतं. म्हणून त्या काळात पुष्कळांनी हे केलं. पण आल्टरनेटर आला म्हणजे त्याची पुली आली, त्याचं ब्रॅकेट आलं, तो इंजिनापासून किती लांब बसणार ते अंतर आलं. पट्ट्याची लांबी त्या दिवशीच बदलली. अप्पांनी दिव्यांबद्दल लिहिलं, पट्ट्याबद्दल लिहावं असं त्यांना वाटलं नाही.

शेठनी दिलेलं पाकीट १९७८च्या पद्मिनीसाठी बरोबरच होतं. आमची गाडी १९७८ची नव्हती. म्हणजे होती, पण ह्या कोपऱ्यात ती १९९१ची होती.

*

बॉनेट उघडून उभी राहिले आणि नीट पाहिलं. तीन पुल्या, एक त्रिकोण. खाली क्रँकची, ती इंजिन फिरवतं. वर मध्ये पाण्याच्या पंपाची, तिच्याच टोकाला पंखा. बाजूला आल्टरनेटरची. एकच पट्टा तिघींभोवती. तो तुटला की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बॅटरी भरायची थांबते. लाल दिवा पहिल्यांदा चार्जिंगचाच लागतो. लोक म्हणतात, बॅटरीचं काहीतरी असेल, घरी जाऊन बघू. घरी जाईपर्यंत रेडिएटर उकळलेला असतो.

नव्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो. मिस्त्री लोक पट्ट्याला अजून फॅन बेल्टच म्हणतात.

*

हे मला आवडलं म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पट्टा पुलीच्या खाचेच्या तळाशी टेकत नाही. टेकायलाच नको. मी आजवर समजत होते की पट्टा खाचेत बसतो आणि ओढतो, रहाटाच्या चाकावर दोर बसतो तसा. तसं नाही. खाच व्हीच्या आकाराची, पट्टाही वर रुंद खाली अरुंद. ओढ पडली की तो खाचेत रुततो आणि दोन्ही भिंतींना दाबतो. म्हणजे पाचर. कुऱ्हाडीच्या दांड्यात मारतो तीच. पट्ट्याच्या दोन बाजूंमधला कोन चाळीस अंशांच्या आसपास असतो. त्या हिशोबानं, तेवढ्याच ताणात, सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट पकड मिळते. कागदावर तरी. अमेरिकेत गेट्स कंपनीतल्या जॉन गेट्सनी १९१७ साली रबराचा व्ही-पट्टा काढला, त्याआधी मोटारींचे पंखे सपाट पट्ट्यांवर नाहीतर दोरावर फिरत आणि सारखे घसरत.

आणखी एक गंमत. पुलीची खाच पट्ट्याच्या कोनापेक्षा थोडी अरुंद कापलेली असते, चौतीस ते अडतीस अंश. कारण पट्टा वळला की त्याची आतली बाजू आवळली जाऊन फुगते आणि त्याचा कोन कमी होतो. पुली जितकी लहान तितकं वळण कडक, तितकी खाच अरुंद. लहान पुलीवर पट्टा लवकर मरतो तो ह्याच वळणानं. म्हणून काही पट्ट्यांच्या पोटाला दाते कापलेले असतात. ते दाते कशात अडकवायचे नसतात, नुसते वाकायला सोपं जावं म्हणून असतात. मी ते टायमिंग बेल्टचे समजत होते.

आता जुना पट्टा हातात घेतला की कळतं. बाजू आरशासारख्या चकचकीत. त्या घासून पट्टा बारीक झाला, बारीक झाला म्हणून खाचेत खोल गेला, खोल जाता जाता तळाला टेकला. तळाला टेकला की पाचर संपली. मग कितीही ताणा, तो घसरणारच. आमच्या पुलीचा तळही चकचकीत होता. मिस्त्रीनं बॅटरी मारून दाखवला आणि म्हणाला, "तळ चमकला की पट्टा गेला." नवा पट्टा पुलीच्या काठाशी समपातळीत बसला पाहिजे, फार तर केसभर वर.

*

वहीत त्या पंचेचाळीस रुपयांच्या आधीची ओळ: 'खंबाटकी. पट्टा तुटला. गिरणीचा घातला.' १९९५चा मे.

तो प्रसंग मला पूर्ण आठवतो. आम्ही साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. घाट सुरू व्हायच्या आधीच, खंडाळ्याजवळ, पुढून फाटकन आवाज आला आणि लाल दिवा लागला. खंडाळा म्हणजे सातारा जिल्ह्यातलं, बोरघाटातलं नव्हे. दुपारचे बारा. अप्पा पट्ट्याचे तुकडे हातात घेऊन गावात गेले. स्पेअर पार्टचं दुकान नव्हतं, पिठाची गिरणी होती.

गिरणीवाल्याकडे एकच लहान पट्टा होता, शेवयांच्या यंत्राचा. आणि मे महिना. बाहेर बायका रव्याचे डबे घेऊन नंबर लावून बसलेल्या. तो म्हणाला, "साहेब, गहू दळायचा पट्टा मागा, देतो. शेवयांचा नको, ह्या बाया मला गावात राहू देणार नाहीत." शेवटी त्याच्या आईनंच सांगितलं, लग्नाला चाललेत, दे. पट्टा पिठानं पांढरा झालेला. त्यानं तो धोतराच्या सोग्यानं खसाखसा पुसून दिला, पीठ राहिलं तर घसरेल म्हणून.

तो गाडीत कसा बसला असेल ते मला आज कळतं. गिरण्यांतला लहानात लहान नेहमीचा पट्टा 'ए' मापाचा, वरून तेरा मिलिमीटर रुंद आणि आठ जाड. आमची खाच दहाची. म्हणजे तो निम्मा आत आणि निम्मा बाहेर, नुसत्या खालच्या कडांवर उभा. अप्पांनी घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढवला, खिडक्या उघड्या, हीटर चालू. मे महिन्यात हीटर, कारण इंजिनाची तेवढीच उष्णता आत घेता येते. आईची पैठणी घामानं भिजली. पण साताऱ्यापर्यंत पोचलो. साताऱ्यात नवा पट्टा घातला, तोच पंचेचाळीस रुपयांचा.

परतीची नोंद: 'गिरणीचा पट्टा परत दिला. सोबत पाव किलो कंदी पेढे.' पेढ्यांचे पैसेही लिहिले आहेत. पट्ट्याचं माप ह्याही वेळी नाही.

*

नुसत्या गाडीच्या नावावर पट्टा मागू नये, ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण अँबॅसेडर. एकच नाव, एकच तोंडवळा, १९५०च्या दशकापासून २०१४ पर्यंत उत्तरपाड्याला बनत राहिली. आत मात्र कधी १४८९ सीसीचं मूळ ब्रिटिश इंजिन, कधी डिझेल, नव्वदच्या दशकात जपानी इसुझूचं १.८ लिटर. 'अँबॅसेडरचा पट्टा द्या' म्हणजे 'जोशींचा मुलगा बोलवा'.

पद्मिनीच्या घरातली १९८५ची ११८ एनई तर आणखी मजेशीर. अंगानं फियाट, हृदयानं निसान: १२०० सीसीच्या आसपासचं, नेमकं ११७१चं, डॅटसनच्या सनीत असायचं ते इंजिन. तिला पट्टा शोधायचा तर फियाटच्या यादीत शोधून उपयोग नाही. एका ओळखीच्यांकडे ती आहे. ते दुकानात गाडीचं नावच घेत नाहीत, इंजिनाचं सांगतात. दुकानदाराला राग येतो, पण पट्टा बरोबर मिळतो.

*

नंबर कसे वाचायचे ते इथे टिपून ठेवते, नाहीतर मीच विसरेन.

साध्या व्ही-पट्ट्यावर '१० × ९२५' असं असतं. पहिला आकडा वरची रुंदी, दुसरा लांबी, दोन्ही मिलिमीटरमध्ये. मोटारीच्या पट्ट्यांत नेहमी दिसणाऱ्या रुंद्या दोन, दहा आणि तेरा. लांबी साधारणपणे बाहेरून मोजलेली.

गिरणी आणि पंपांच्या पट्ट्यांवर 'ए-३६', 'बी-५२'. तिथे आकडा इंचात आणि आतून मोजलेला. ए-३६ म्हणजे आतून ९१४ मिलिमीटर, पण बाहेरून मोजाल तर त्यात पन्नासेक मिलिमीटर वाढतात. पट्ट्याची जाडी आठ, त्याची सव्वासहापट. शाळेतलं वर्तुळ. हे ज्याला माहीत नाही तो ९१४ आणि ९२५ जवळजवळ सारखेच समजून ए-३६ घरी घेऊन येतो. मी आणणारच होते.

नव्या गाड्यांचे रुंद, पोटाला उभ्या रेघा असलेले पट्टे '४पीके ८५०' असे. चार रेघा, ८५० मिलिमीटर. अमेरिकन पद्धतीत तोच पट्टा सहा आकड्यांत, ०४०३३५: चार रेघा, साडेतेहतीस इंच. शेजारच्या मुलानं फोनवर मागवताना हा सहा आकडी नंबर पार्ट नंबर समजून त्यातला शून्य गाळला. काय आलं ते अजून त्याच्या गॅलरीत आहे, कपडे वाळत घालायला.

जुन्या पट्ट्यावरचा छाप पुसला असेल तर ओल्या फडक्यानं पुसून, तिरकी बॅटरी मारून बघावं. आमच्यावर फक्त शेवटचा ५ दिसला.

*

दुसरी फेरी. ह्या वेळी शहाणी होऊन गेले होते. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप जुन्या पट्ट्याभोवती फिरवली होती: ९३.७ सेंटिमीटर. कागदावर लिहून नेलं.

शेठ म्हणाले, "९२५ आहे, ९५० आहे. थोडा मोठाच घ्या. ताणता येतो, आखूड करता येत नाही."

तर्क पटला. मराठी माणूस मुलाचा शर्टसुद्धा एक माप मोठाच घेतो. ९५० घेतला.

पट्टा घातला, आल्टरनेटर बाहेर ओढला, ओढला, ओढला, आणि तो सरकवायच्या लोखंडी पट्टीतल्या फटीच्या टोकाला बोल्ट टेकला. पट्टा कसाबसा ताठ. चार दिवसांत किंचाळणं परत सुरू. पट्टा नवा असताना थोडा ताणतोच, आणि आता पुढे ओढायला जागाच नव्हती. माझी चूक ही की मी जुन्या पट्ट्याचं मोजलं. जुना पट्टा ताणून वाढलेला आणि घासून बारीक झालेला. ते माप पट्ट्याच्या म्हातारपणाचं होतं, गाडीचं नव्हे.

*

मिस्त्रीची युक्ती, शब्दशः: "ताई, पट्टा मोजू नका. गाडी मोजा."

त्यानं जुना पट्टा एका ठिकाणी कापला. आल्टरनेटर पट्टीच्या फटीत आतून साधारण एक तृतीयांशावर आणून बोल्ट आवळला, म्हणजे पुढे ताणायला दोन तृतीयांश जागा शिल्लक. मग कापलेला पट्टा तिन्ही पुल्यांभोवती गुंडाळून घट्ट ओढला. दोन टोकं एकमेकांवर आली. जिथे आली तिथे खडूची रेघ. टेप लावली: बारा मिलिमीटर जास्त.

९३७ वजा १२. ९२५.

शेठच्या काउंटरवर पडलेला, मी न घेतलेला तो.

*

मुंबईत ही शोधाशोध एके काळी करावी लागली नसती. काळी-पिवळी पद्मिनी हजारोंनी होती, त्यामुळे दर नाक्यावरच्या दुकानात तिचे पट्टे, डायनामोचे ब्रश, क्लचच्या प्लेटा. कुर्ल्याला, जिथे प्रीमिअरचा कारखाना होता, तिथे तर भंगारवालेसुद्धा नंबर तोंडपाठ सांगत. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावर नाही. त्या दिवशी वर्तमानपत्रांत हळवे लेख आले, फोटो आले. माझ्यासारखीला त्याचा अर्थ एवढाच की आता दुकानदार हा माल ठेवणार नाही. शौकिनांच्या चार गाड्या रविवारी बाहेर पडतात, त्यांच्या जिवावर दुकानाचं फळकूट भरत नाही. ते भरत होतं दिवसाला दोन पाळ्या चालणाऱ्या टॅक्सीवर.

पट्ट्याचं त्यातल्या त्यात बरं. तो पद्मिनीचा असा नसतोच, तो १० × ९२५ असतो. कुठल्याही ट्रॅक्टरचा, पंपाचा, जनरेटरचा असू शकतो. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत पिक्सचे पट्टे बनतात, मदुराईचं फेनरचं नाव तर प्रत्येक गिरणीवाल्याला माहीत. गाडी बंद पडली तरी माप बंद पडत नाही. दरवाजाच्या हँडलचं मात्र तसं नाही. ते पुढच्या वहीत.

*

डिकीत स्टेपनीखाली अप्पांनी ठेवलेला एक पट्टा सापडला. पाकीटबंद, न वापरलेला. मला वाटलं, लॉटरी लागली. मिस्त्रीनं पाकीट फोडलं, पट्टा उलटा वाकवला, पोट बाहेर. बारीक भेगा उघडल्या, उन्हाळ्यातल्या शेतासारख्या. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. वीस-पंचवीस वर्षं डिकीच्या उष्णतेत पडलेलं तर नक्कीच.

तेव्हा 'जुना पण ओरिजिनल स्टॉक' म्हणून कुणी जादा पैसे मागितले तर देऊ नयेत. हेडलाइटची काच जुनी चालते, पट्टा चालत नाही. आणि वर्षानुवर्षं एकाच खिळ्याला टांगलेला पट्टा घेऊ नये, तिथे त्याला कायमचा बाक येतो. दुकानाच्या छताला लोंबणाऱ्या त्या माळा आता मला सुंदर दिसत नाहीत.

उलट एक सावधानता. हल्लीच्या पट्ट्यांत ईपीडीएम नावाचं रबर असतं, त्याला भेगा सहजी पडतच नाहीत. ते गुपचूप झिजतं. भेगा नाहीत म्हणजे पट्टा ठीक, हा अप्पांच्या काळचा नियम त्याला लागू नाही.

*

शेजारच्या मुलानं विचारलं, "काकू, तुमच्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला तर वॉल्व्ह वाकतात ना?"

आमच्या गाडीत टायमिंगला पट्टा नाही, साखळी आहे. तुझ्या गाडीचं तू पुस्तकात बघ, आणि त्यात किती किलोमीटरला बदलायला सांगितलं आहे तेही बघ. फॅन बेल्ट किंचाळून सांगतो तरी. टायमिंगचा सांगत नाही.

*

तिसरी फेरी. शेठनी मला बघितलं आणि मान वर केली. "गाडी कुठली" विचारलं नाही. मी म्हटलं, "दहा बाय नऊशे पंचवीस, दातेवाला. दोन द्या."

"आता कसं बोललात," ते म्हणाले. ९५०चा परत घेतला नाही, वापरलेला होता. बरोबरच आहे.

*

बसवताना मिस्त्रीनं लोखंडी पट्टी तिन्ही पुल्यांच्या तोंडाला लावून पाहिली, एका रेषेत आहेत का. आल्टरनेटरची दोनेक मिलिमीटर पुढे होती. १९९१पासून असावी. बोल्टमागे एक वायसर घातला, सरळ झाली. म्हणजे इतकी वर्षं पट्टा एका अंगानं झिजत होता आणि आम्ही पट्टे बदलत होतो.

टॉमीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, आल्टरनेटर बाहेर रेटला. पण टॉमी पुढच्या जाड कानाजवळ टेकवून, मधल्या पातळ अंगावर नाही. अॅल्युमिनिअम, तडकतं. पुल्यांमधल्या सगळ्यात लांब पल्ल्याच्या मध्यावर अंगठ्यानं दाबलं: दहा-बारा मिलिमीटर खाली गेला पाहिजे. मी म्हटलं, अजून ताण, परत किंचाळायला नको. तो म्हणाला, मग पट्टा गप्प बसेल आणि पंपाचं बेअरिंग बोलायला लागेल.

गाडी चालू. आवाज नाही. त्यानं चालत्या पट्ट्याच्या आतल्या अंगावर बाटलीतून थोडं पाणी शिंपडलं. पाण्यानं आवाज वाढला तर पट्टा ढिला. आधीचा आवाज पाण्यानं थांबून थोड्या वेळानं परत आला तर पुल्या वाकड्या. आमच्याकडे आधीही काही नव्हतं, नंतरही नाही. साबण, मेण, स्प्रे ह्यांबद्दल विचारलं तर म्हणाला, "ते विकायच्या गाडीला." मग बजावलं की आठवड्यानं परत आणा, नवा पट्टा बसतो, एकदा ताणावा लागतो.

मजुरी सांगितली तेव्हा मी पट्ट्याची किंमत आठवून हसले. हसू नये. माप त्याच्याकडे होतं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली. काकू गॅलरीत आल्या, खाली बघितलं. "आज गेला नाहीत का अजून?" म्हणाल्या.

*

वहीत, अप्पांच्या शेवटच्या नोंदीखाली दोन ओळी सोडून:

'फॅन बेल्ट १० × ९२५, दातेवाला. आल्टरनेटर १९९१चा, मूळ डायनामो नाही. बोल्टमागे एक वायसर आहे, काढू नये. २४० रु. दुसरा डिकीत ठेवला आहे, चपटा, तारीख टाकून. पाच वर्षांनी न वापरताच फेकावा.'

हे माप आमच्या गाडीचं आहे. तुमच्याकडे पद्मिनी असेल तर तुमची मोजा.